पावसात ठसा कोरावा, थंडीत छाप घ्यावी

गोव्यातल्या गावात राहून वूडकट करायचे असेल, म्हणजे लाकडी ठसा कोरून त्यावरून कागदावर चित्रे छापायची असतील, तर हत्यारे विकत घेण्याआधी वर्षाची आखणी करावी. फळी फेब्रुवारी ते मे या काळात सुकवावी, जूनपासून चतुर्थीपर्यंत ती कोरावी आणि छपाईला दिवाळीनंतरच हात घालावा. हा क्रम मी नुकसान सोसून शिकले. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी केलेला माझा पहिला ठसा आंब्याच्या ओल्या फळीचा होता. मे महिन्यात रंधा मारून सपाट केलेली ती फळी चतुर्थी येईपर्यंत कौलासारखी वळली आणि महिनाभर खपून कोरलेल्या चित्राच्या फक्त दोन कडा कागदाला टेकू लागल्या.

लाकूड कोणते घ्यावे हे गावातल्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, विचारावे. तो बहुधा शिवण सांगेल आणि त्याचे ऐकावे, कारण शिवण हलकी असते, तिची वीण एकसारखी असते आणि हवेतल्या ओलीने ती फारशी वाकत नाही. फणस टिकाऊ आणि दिसायला देखणा असला तरी त्याचे तंतू जागोजागी एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे नवख्याच्या हातून पटाशी निसटते, आणि सागात वाळूसारखे बारीक कण असल्याने धार लवकर बसते. घरच्या बागेतले झाड तोडून फळ्या काढू असे कोणी सुचवले तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची आठवण ठेवावी, कारण गोव्यात स्वतःच्या जमिनीतले झाड पाडायलाही परवानगी लागते. त्यापेक्षा सुताराकडे उरलेले तुकडे मागावेत. साधारण २० बाय ३० सेंटिमीटरची, २ सेंटिमीटर जाडीची, गाठ नसलेली फळी सुरुवातीला पुरते.

फळीच्या दोन्ही टोकांना मेण लावावे, म्हणजे ती टोकांकडून घाईने सुकून चिरत नाही. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांनी ती चुलीवरच्या माळ्यावर उभी ठेवावी. धुरामुळे भुंगाही दूर राहतो. मेअखेरीस रंधा मारून १२०, २२० आणि शेवटी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासावा, मागच्या बाजूला वॉर्निशचा एक हात द्यावा आणि वरच्या बाजूला पातळ काळी शाई किंवा कडक चहा पुसावा. काळपट फळीवर पटाशीने उघडे पडलेले कोरे लाकूड उठून दिसते आणि चित्र कसे येणार याचा अंदाज कोरतानाच येतो.

या कलेत जे कोरून काढाल ते कागदावर पांढरे राहते आणि जे ठेवाल ते काळे उमटते. हे डोक्यात बसायला नवख्याला वेळ लागतो, पण आमच्याकडे त्यासाठी भिंतीवरचा धडा तयार आहे. काही जुन्या देवळांवर कावीची चित्रे असतात. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ती पद्धत. अशा भिंतीसमोर तासभर उभे राहून कारागिराने तांबडे कुठे राखले आणि कुठे काढले एवढेच पाहावे. ग्रामीण जीवनाचे वूडकट पाहायचे असतील तर बंगालच्या हरेन दास यांची (१९२१ ते १९९३) कामे शोधावीत, विशेषतः त्यांनी उजेड कसा दाखवला आहे यासाठी.

पहिल्या ठशासाठी माटोळी हा विषय मी सुचवते. गणपतीच्या वर टांगलेले नारळ, चिबूड, केळ्यांचा घड आणि सुपारीचे घोस यांचे आकार मोठे आणि वेगवेगळे असतात. सुपारीचा घोस कोरताना प्रत्येक सुपारीभोवती रेघ ओढण्याचा मोह होतो, पण तसे केले की घोस तारेच्या जाळीसारखा दिसतो. सगळा घोस काळाच ठेवावा आणि प्रत्येक सुपारीवरून उजेडाच्या बाजूची नखाएवढी कोर तेवढी काढावी. जिथे दोन सुपाऱ्या चिकटल्या आहेत तिथे काहीच कोरू नये, पाहणाऱ्याचा डोळा ती हद्द स्वतः आखतो. चित्र कार्बन पेपरने फळीवर उतरवताना ते उलटे करायला विसरू नये. कागद खिडकीच्या काचेवर धरून मागून गिरवला की काम होते. चित्रात अक्षरे असतील तर दोनदा तपासावे. मी एकदा देवळाची पाटी सुलटी कोरून बसले होते आणि छापल्यावर ती आरशात धरून वाचावी लागली.

हत्यारांत एक धारदार सुरी, एक व्ही आकाराची पटाशी, ३ आणि ६ मिलिमीटरच्या दोन गोल पटाश्या आणि एक सपाट पटाशी एवढे पुरे. मोडक्या छत्रीची पन्हळी काडी घासून धार लावली आणि लाकडी मुठीत ठोकली की बारीक गोल पटाशी फुकटात होते. आमच्या पावसात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. धार रोज सहाणेवर आणि मग चामड्याच्या पट्टीवर लावावी. बोथट हत्याराला जोर द्यावा लागतो आणि जोराने चालवलेले हत्यारच हात कापते. फळी मेजाच्या कडेला अडकवलेल्या लाकडी ठोकळ्याला टेकवावी आणि मोकळा हात नेहमी धारेच्या मागे ठेवावा.

रेघ कोरताना तिची बाजू खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधासारखी असावी, वर अरुंद आणि तळाशी रुंद. म्हणून सुरीचा पहिला काप रेघेपासून बाहेर तिरपा द्यावा आणि दुसरा काप समोरून देऊन मधली चिपटी उचलावी. सुरी रेघेच्या खाली वळली तर रेघ पोकळ राहते आणि दहाव्या छापेला तुटते. अरुंद जागी दीड-दोन मिलिमीटर खोली चालते, पण मोठ्या पांढऱ्या जागेत ४ ते ५ मिलिमीटर खोल जावे, नाहीतर रोलर तिथे झोळ खाऊन शाई लावतो. दिवा एका बाजूला खाली ठेवला की काप सावलीने स्पष्ट दिसतात. पावसात वीज गेली तर खिडकीपाशी बसावे, या कामाला वीज लागत नाही. अधूनमधून पातळ कागद ठेवून वरून मेणखडू घासावा. शाई न लावताच काम कुठवर आले ते कळते.

छपाईसाठी तेलाची काळी शाई काचेवर काढून रोलरने पसरावी. रोलर फिरताना बारीक चरचर ऐकू आली म्हणजे थर योग्य. पचपच आवाज आला तर शाई जास्त झाली. ठशावर एकदम जाड हात देण्यापेक्षा तीन-चार पातळ हात द्यावेत. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात उतरला, पण आपल्याला यंत्र लागत नाही. नेपाळी हातकागदासारखा पातळ, चिवट कागद ठशावर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने किंवा घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीने मधून कडेकडे घासत जावे, एक कोपरा उचलून पाहावे आणि फिकट जागी पुन्हा घासावे. छापा दोरीवर चिमट्यांनी टांगाव्यात. थंडीत त्या चार-पाच दिवसांत सुकतात, तर जुलैत घेतलेली माझी छाप पंधरवड्यानंतरही बोटाला लागत होती.

किती छापा काढायच्या हे आधी ठरवावे, प्रत्येकीखाली पेन्सिलने ३/१५ (पंधरांपैकी तिसरी) असा क्रमांक आणि सही घालावी, आणि ठरलेला आकडा मोडू नये. गॅलरीत ठेवताना कमिशन किती आणि पैसे कधी, हे लेखी घ्यावे. फ्रेम करताना कागद आणि काच यांच्यामध्ये माउंटची फट हवीच. एका दुकानाने माझ्या सहा छापा काचेला चिकटवून ओल्या भिंतीवर टांगल्या आणि सप्टेंबरात बुरशीचे ठिपके पडल्यावर त्या मला परत पाठवल्या.

काम संपल्यावर ठसा रॉकेलच्या फडक्याने पुसावा, कोरड्या फडक्याने सुकवावा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कापराच्या वड्यांसह उभा ठेवावा. फेब्रुवारीत नवी फळी माळ्यावर चढवताना जुने ठसे उघडून त्यांच्याखाली भुंग्याचे पिवळट पीठ पडले आहे का ते पाहावे, आणि पडले असेल तर तो ठसा त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करून कडक उन्हात टाकावा.