पंपाचा सराव खेळातून : दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांसाठी गटसत्र कसे घ्यावे

‘पंप कसा घ्यायचा ते माहीत आहे ना?’ असे विचारल्यावर दम्याचे आणि सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) बहुतेक रुग्ण होकार देतात आणि सगळ्या पायऱ्या तोंडपाठ म्हणूनही दाखवतात. प्रत्यक्ष पंप हातात दिला की मात्र श्वास आत घेऊन संपल्यावर दाब पडतो, आणि औषधाचा पांढरट फवारा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर पडताना समोर बसलेल्याला स्पष्ट दिसतो. दाब देऊन फवारा सोडणारा पंप बाजारात आला १९५६ साली. पण ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९७५ ते २०१४ या काळातील अभ्यासांच्या आढाव्यात इनहेलर, म्हणजे श्वासावाटे औषध घेण्याचे साधन, अचूक वापरणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ३१ टक्के निघाले, आणि एवढ्या वर्षांत त्यात म्हणावी तशी सुधारणाही दिसली नाही. पत्रके वाटून आणि व्याख्याने देऊन जे साधले नाही, ते हाताला आणि श्वासाला सवय लावल्यानेच साधेल, असे मानून पुढील पद्धत मांडली आहे. ती छातीविकार विभागातील परिचारिका, औषधनिर्माते, समुपदेशक आणि आशाताई यांना डॉक्टरांच्या संमतीने राबवता येईल.

खेळ निवडताना एक कसोटी लावावी : नुसते तोंडी उत्तर देऊन जो जिंकता येतो, तो खेळ या कामाचा नाही. प्रश्नमंजूषेत हुशार रुग्ण चमकतो, टाळ्या पडतात, आणि ज्याची चूक पकडायची होती तो मागच्या खुर्चीवर गप्प बसून घरी जातो.

सत्राला सहा ते आठ रुग्ण पुरेत, आणि शक्यतो प्रत्येकाबरोबर घरातील एक माणूस असावा, कारण घरी गेल्यावर सूनबाई किंवा नातूच आठवण करून देणार असतो. प्रत्येकाने स्वतःचा पंप, रोटाहेलर (कॅप्सूलमधील कोरडी पावडर श्वासाने ओढायचे साधन) किंवा स्पेसर (पंपाला जोडायचे, फवारा धरून ठेवणारे प्लास्टिकचे नळकांडे) बरोबर आणावा. सरावासाठी औषध नसलेले डेमो पंप आणि डेमो कॅप्सूल वापराव्यात. औषधाचे खरे डोस सरावात खर्च करू नयेत. एकाच्या तोंडात गेलेले साधन दुसऱ्याला कदापि देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या आणि क्षयरोगाची तपासणी न झालेल्या व्यक्तीला आधी तपासणीला पाठवावे, गटात बसवू नये. ज्याला त्या दिवशी धाप लागली आहे, त्याने फक्त पाहावे. खोल श्वास वारंवार घेतल्याने चक्कर येऊ शकते, म्हणून प्रत्येकाला सलग दोन-तीनच प्रयत्न द्यावेत आणि मध्ये विश्रांती ठेवावी. श्वास कोण जास्त वेळ रोखतो, अशी चढाओढ कधीही लावू नये.

सुरुवात ‘पायऱ्या लावा’ या खेळाने करावी. पंपाच्या प्रत्येक पायरीचे चित्र एकेका कार्डावर काढावे : टोपण काढणे, पंप हलवणे, श्वास पूर्ण बाहेर सोडणे, ओठ घट्ट मिटणे, श्वास आत घ्यायला सुरुवात करताच दाबणे आणि चार-पाच सेकंद सावकाश घेत राहणे, दहा सेकंद किंवा जमेल तितका वेळ श्वास रोखणे, आणि औषधात स्टेरॉइड असल्यास शेवटी चूळ भरणे. महाराष्ट्राच्या खेड्यांत आयुष्यभर चुलीपुढे बसून सीओपीडी जडलेल्या, विडी-सिगारेटला कधी हातही न लावलेल्या अनेक स्त्रिया आहेत. त्यांतल्या कित्येकींना वाचता येत नाही, म्हणून कार्डावर अक्षरे असली तरी चित्राशिवाय कार्ड असू नये. जोडीने कार्डे क्रमाने मांडावीत आणि मांडून झाल्यावर त्याच क्रमाने कृती करून दाखवावी. कृती होईपर्यंत गुण देऊ नये.

या खेळाची दुसरी फेरी अधिक महत्त्वाची आहे. तिच्यात फवाऱ्याच्या पंपाची आणि रोटाहेलरची कार्डे मुद्दाम एकत्र मिसळावीत. दोन्ही साधने वापरणाऱ्या रुग्णाचा खरा गोंधळ इथेच असतो, कारण फवारा सावकाश ओढायचा असतो, तर कोरडी पावडर घट्ट लस्सी नळीने ओढावी तशी जोरात आणि खोल. रोटाहेलर हलवायचा नसतो; कॅप्सूलचे पारदर्शक टोक खाली ठेवून ती चौकोनी छिद्रात पूर्ण दाबायची, तळ फिरवून ती उघडायची, श्वास साधनापासून तोंड दूर नेऊन सोडायचा आणि मग एकदम ओढायचे. साधनात तोंड लावून फुंकल्यास पावडर उडते आणि ओलही धरते. रोटाहेलर पारदर्शक असल्याचा फायदा घ्यावा : रुग्ण आपला नेहमीचा डोस सत्राच्या वेळीच घेणार असेल, तर घेतल्यानंतर साधन उजेडाकडे धरून आत पावडर उरली आहे का, हे त्यालाच पाहू द्यावे. उरली असेल तर पुन्हा ओढायची, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

गटाला सर्वांत जास्त रंगतो तो ‘चूक पकडा’. शिकवणाऱ्याने स्वतः पंप घेऊन दाखवावा आणि त्यात एक चूक ठरवून करावी : टोपण तसेच ठेवावे, पंप न हलवता दाबावा, मान खाली घालावी, श्वास नाकाने घ्यावा, दाबल्यावर लगेच तोंड उघडावे. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळण्याचा अभिनयही अवश्य करावा. ही चूक हसण्यावारी नेली जाते, पण ती खरोखर घडते. चूक दिसताच टाळी वाजवायची, आणि ज्याने टाळी वाजवली त्यानेच पुढे येऊन तेवढा भाग बरोबर करून दाखवायचा. चूक शिकवणाऱ्याची असल्यामुळे कुणाचा अपमान होत नाही, आणि वयस्क माणसे मोकळेपणी बोलू लागतात. एखाद्या आजोबांना ‘खेळ’ हा शब्दच पोरकट वाटत असेल, तर ‘सराव’ म्हणावे. आग्रह करू नये. त्यांच्या प्रयत्नात चूक झाली, तर चारचौघांत यादी न वाचता एकच गोष्ट सांगावी : ‘काका, पुन्हा एकदा, या वेळी आधी श्वास पूर्ण सोडा.’ फवाऱ्याच्या पंपासाठी समोर छोटा आरसा ठेवल्यास डेमो पंपाचा फवारा ओठांतून किंवा नाकातून निसटताना रुग्णाला स्वतःलाच दिसतो, आणि बोलण्याची गरज आणखी कमी होते.

औषध नियमित घेण्याचा प्रश्न मात्र कृतीच्या खेळाने सुटत नाही. तिथे सापशिडी उपयोगी पडते. संत ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात, म्हणजे जुन्या सापशिडीत, पाप-पुण्याचे धडे होतेच, आपण त्यांच्या जागी दम्याचे ठेवायचे. पण फाशाच्या नशिबावर सगळे सोडले तर काहीच शिकून होत नाही, म्हणून नियम बदलावेत. शिडीच्या पायथ्याशी आलेल्याने तिथे चितारलेली पायरी करून दाखवली तरच वर चढायचे. सापाच्या तोंडावर ‘बरे वाटले म्हणून पंप बंद केला’, ‘पंपाची सवय लागते असे शेजारीण म्हणाली’, ‘प्रवासात तातडीचा पंप घरी राहिला’ अशी वाक्ये असावीत. खेळणाऱ्याने उपाय सांगितला तर त्याने आहे तिथेच थांबावे, नाहीतर खाली उतरावे. रोजचा पंप श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवतो, तो धाप नसतानाही घ्यायचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवायचा, ही गोष्ट या चर्चेत आपोआप येते. आपला रोजचा पंप कोणता आणि तातडीचा कोणता, हे रुग्णाने लेबलवरील नाव दाखवून ओळखावे. केवळ रंगावर विसंबू नये, कारण कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

स्पेसर वापरणाऱ्यांना जाता जाता एक सूचना द्यावी : स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यावा, फडक्याने आतून पुसू नये, कारण घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषध भिंतींना चिकटून बसते.

सत्राच्या आधी आणि शेवटी प्रत्येकाची त्याच पायऱ्यांची यादी हातात घेऊन तपासणी करावी आणि तीच यादी केसपेपरला जोडावी. शिकलेले काही आठवड्यांत विसरते, म्हणून पुढच्या प्रत्येक भेटीत ‘करून दाखवा’ एवढेच म्हणावे आणि कोणती पायरी पुन्हा सुटते याची खूण करावी. दाब आणि श्वास यांचा मेळ वारंवार सराव करूनही जमत नसेल, किंवा संधिवाताने बोटांत जोर राहिला नसेल, तर रुग्णाला आणखी खेळवत बसू नये. ती नोंद दाखवून स्पेसर जोडावा की साधनच बदलावे, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे.