घरच्या संगणकावर सव्वा तासाचा अ‍ॅनिमेशनपट: कात्री कुठे लावायची

गिन्ट्स झिल्बालोडिस या लाटव्हियन तरुणाने 'अवे' हा ७५ मिनिटांचा चित्रपट जवळपास साडेतीन वर्षांत एकट्याने केला. पटकथा, अ‍ॅनिमेशन, संगीत, सगळं त्याचंच. २०१९ साली फ्रान्समधल्या आन्सीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात त्याला पुरस्कारही मिळाला. त्यात संवाद नाहीत, पात्रं मोजकी आहेत, आणि चित्रपट चार प्रकरणांत विभागलेला आहे. म्हणजे काम मध्येच थांबलं असतं, तरी हातात लघुपट उरले असते. पैसे वाचतात ते असे, लिहितानाच. सॉफ्टवेअर स्वस्त की महाग, हा प्रश्न फार नंतरचा.

१. आधी गणित मांडा. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. ७० मिनिटं म्हणजे ४,२०० सेकंद, म्हणजे १,००,८०० फ्रेम. हाताने काढणारे बहुतेक जण एकच चित्र सलग दोन फ्रेम धरून ठेवतात. तरी ५०,४०० चित्रं होतात. चार फ्रेम धरलं तर २५,२००. हालचाल थोडी अडखळते, पण अमेरिकन अ‍ॅनिमेटर बिल प्लिम्प्टन यांनी त्या अडखळण्यातूनच आपली शैली घडवली. आता स्वतःचा वेग मोजा. आठवड्याला २० सेकंद पूर्ण होत असतील, तर २१० आठवडे लागतील, म्हणजे चार वर्षं. लांबी ५० मिनिटांवर आणली की तेच काम तीन वर्षांच्या आत येतं. ऑस्करच्या नियमांत ४० मिनिटांहून मोठा चित्रपट पूर्ण लांबीचा धरतात, त्यामुळे ५० मिनिटांत कमीपणा काही नाही.

२. कथा या आकड्याला बेतून लिहा. गर्दी, पाणी, उडणारे पदर, मिठ्या, हातात वस्तू घेऊन बोलणारी माणसं: हे सगळं वेळ खातं. वारी दाखवायची असेल तर कुंपणापलीकडे सरकणाऱ्या पताका आणि टाळ-मृदंगाचा आवाज पुरतो. हजार वारकरी चालवायची गरज नाही. पात्रं दोन-तीन, जागा चार-पाच. संवादाचं ओझं निवेदकावर टाकलं की ओठांच्या हालचाली जुळवायचं कंटाळवाणं काम वाचतं.

टूडी की थ्रीडी, हेही इथेच ठरवा, कारण दोन्हींतली काटकसर उलट्या दिशेने चालते. टूडीत प्रत्येक चित्राची किंमत मोजावी लागते. म्हणून छोटे शॉट, स्थिर चेहरे, सरकणारी पार्श्वभूमी. थ्रीडीत जागा एकदा उभी केली की कॅमेरा हवा तितका वेळ फिरवता येतो, खर्च नवी जागा बांधण्याचा. त्यामुळे तिथे मोजक्या जागांत लांब शॉट परवडतात.

३. अ‍ॅनिमॅटिक पूर्ण करा, मगच पुढे. पेन्सिलच्या कच्च्या चित्रांवर स्वतःच्याच आवाजात संवाद टाकून अख्खा चित्रपट लांबीसकट जोडा. कथा माहीत नसलेल्या लोकांना तो दाखवा. ते कुठे मोबाइल उचलतात, ते बघा आणि तिथे कापा. कच्चं चित्र फेकताना वाईट वाटत नाही. महिनाभर रंगवलेला शॉट फेकताना वाटतं, आणि मग तो चित्रपटात उगाच राहतो. हा कच्चा आराखडा कागदावरच हवा असं नाही. झिल्बालोडिसने पुढच्या 'फ्लो' या चित्रपटासाठी स्टोरीबोर्ड (शॉटगणिक कच्ची चित्रं) काढलाच नाही, थेट थ्रीडीत कॅमेरा फिरवून शॉट शोधले. तो 'फ्लो' ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये झाला आणि २०२५ साली ऑस्कर घेऊन गेला. बजेट मात्र सुमारे ३५ लाख युरो होतं, तेव्हा 'फुकटात ऑस्कर' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

४. साधनं. थ्रीडीला ब्लेंडर, टूडीला ओपनटून्झ किंवा क्रिता, संकलनाला दा विंची रिझॉल्वची फुकट आवृत्ती. वाचलेले पैसे हार्ड डिस्कवर घाला. कामाच्या दोन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

५. सुरुवात मधल्या प्रसंगापासून करा. काम करता करता हात सुधारतो. पहिली पाच मिनिटं आधी केलीत तर तुमचं सगळ्यात कच्चं काम प्रेक्षक सगळ्यात आधी बघेल.

६. आवाजात हात आखडू नका. चित्र साधं असलं तरी चालतं. घुमणारा, खरखरीत आवाज कुणी सहन करत नाही. भिंतींना गोधड्या टांगून खोलीत ध्वनिमुद्रण करा. नाटकात काम करणारी माणसं घ्या, आणि मानधन थोडं असलं तरी करार लेखी करा.

७. गाण्याची परवानगी आधी. अमेरिकन अ‍ॅनिमेटर नीना पेली यांनी 'सीता सिंग्ज द ब्लूज' (२००८) बहुतांशी एकटीने केला. त्यात १९२०च्या दशकातली गाणी वापरली होती आणि त्या रचनांचे हक्क अजून जिवंत होते. ते मिळवण्यात सुमारे ५० हजार डॉलर गेले. आपल्याकडेही तीच गोम. तुकारामांचा अभंग सर्वांचा आहे, पण त्याला अलीकडे लावलेली चाल आणि गायलेली ध्वनिफीत कुणाच्या तरी मालकीची असते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नवी चाल बांधून घेणं बहुधा स्वस्त पडतं.

८. दाखवण्याआधी. पूर्ण चित्रपट लगेच यूट्यूबवर चढवू नका. बऱ्याच महोत्सवांना पहिला खेळ आपल्याकडे हवा असतो. थिएटरला लागणारी डीसीपी फाइल 'डीसीपी-ओ-मॅटिक' या फुकट साधनाने घरीच बनते. तिकीट लावून थिएटरात दाखवायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. त्याचं शुल्क आणि वेळ पहिल्याच बजेटमध्ये धरून ठेवा.