साधं आमिष आधी, विष चौथ्या दिवशी

पीक पोटरीत येण्याआधीचे हे दोन आठवडे उंदरांच्या बंदोबस्तासाठी राखून ठेवा. एकदा दाणा दुधात भरला की उंदीर बिळातल्या आमिषाला फारसं तोंड लावत नाही.

अनेकांचं पीक एका चुकीने जातं: बिळात पहिल्याच दिवशी विष. उंदीर अनोळखी खाणं आधी किंचित चाखतो. झिंक फॉस्फाईड या उंदरांच्या विषाचा पोटात फॉस्फिन हा विषारी वायू होतो आणि काही तासांतच त्रास सुरू होतो. थोडंसं खाऊन वाचलेली मादी मग ते आमिष कित्येक आठवडे टाळते.

तिच्या मागे पिल्लं असतात. आईच्या खाण्याची चव त्यांना दुधातूनच कळते. डोळे उघडल्यावर ती तिचं तोंड हुंगतात; तिच्या श्वासाला ज्या धान्याचा वास, ते धान्य त्यांना आपलं वाटतं. खायलाही ती मोठ्यांच्या वाटेनेच जातात. म्हणून आईने टाळलेलं आमिष पिल्लं न चाखताच सोडून देतात. हीच सवय आपल्या कामी येते: तीन दिवस साधा भरडा खाल्लेली मादी त्याचा वास बिळात घेऊन जाते.

क्रम असा:
- संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी उकरलेली ती जिवंत.
- त्यांत 3 दिवस तेल लावलेला भरडा, रोज 20 ग्रॅम.
- चौथ्या संध्याकाळी 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम तेल, 20 ग्रॅम झिंक फॉस्फाईड. बिळाला 10 ग्रॅम, कागदाच्या पुडीत, आत खोल.
- बीळ बुजवा. मेलेले उंदीर, उरलेलं आमिष खोल पुरा.

भरडा आणि तेल चारही दिवस तेच ठेवा. चौथ्या दिवशी तेल बदललं तर उंदराला ते नवं खाणं वाटतं, असा आमचा अंदाज आहे. हातमोजे घालून, काठीने कालवा. या विषावर उतारा नाही.

वाचलेल्यांना पुन्हा झिंक फॉस्फाईड नको. 10-12 दिवसांनी ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या, सावकाश काम करणाऱ्या विषाचं 0.005 टक्क्यांचं आमिष, जिवंत बिळाला 15 ग्रॅम. त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे उंदीर त्रासाचा संबंध खाण्याशी जोडत नाही.

आवाजाने उंदीर पळवणारी महागडी यंत्रं दुकानदार गळ्यात मारतात. घेऊ नका, उंदीर त्या आवाजाला लवकरच सरावतात. ते पैसे बांधावरचं गवत काढायला लावा, आणि शेजारच्या शेतातही त्याच संध्याकाळी बिळं बुजवली जातील असं बघा.