पोट बिघडल्यावर पुन्हा फोडणीकडे

लग्नातल्या पनीरने मला दोन दिवस आडवं केलं. तेव्हा फक्त साखर-मीठ-पाणी: उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचात रक्त दिसलं किंवा ताप चढला तर थेट डॉक्टर गाठा.

उलट्या थांबल्यावर पेज, मग मऊ भात-मेतकूट. तूप नावालाच.

तिसऱ्या दिवशी फोडणी! मूगडाळीच्या खिचडीला चमचाभर तेलात जिरं तडतडू दिलं, वर हिंग-हळद. मिरची नाही. त्या वासानेच भूक लागली, खरं सांगते. तरी चार घासांवर थांबले. रात्र शांत गेली, म्हणून दुसऱ्या दिवशी आमटीत पाव चमचा गोडा मसाला. कांदा-लसूण मसाल्याचा डबा मात्र आठवडाभर वरच्या फळीवरच.