म्युझिक अप्रिसिएशनच्या तासाला पोरं मोबाइलमध्ये जातात? हे करून बघा

आमच्या ग्वाल्हेरात गाणं हवेतच आहे म्हणतात, पण कॉलेजच्या वर्गात अर्ध्या तासाचा विलंबित ख्याल (अगदी संथ लयीतलं शास्त्रीय गाणं) लावला की पाचव्या मिनिटाला सगळ्यांच्या माना खाली, मोबाइलमध्ये. त्यावर सोप्पा उपाय म्हणजे जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवरचं गाणं लावायचं, एक बाजू साधारण ३ मिनिटांचीच असते आणि तेवढ्यात गायकाला सगळा राग उभा करावा लागायचा, त्यामुळे कंटाळायला वेळच मिळत नाही. तीनतालातलं (१६ मात्रांचा, म्हणजे १६ ठोक्यांचा ताल), मध्य किंवा द्रुत म्हणजे जलद लयीतलं निवडा.

१. पहिल्यांदा नुसतं ऐकू द्या. नाव, राग, घराणं काही सांगू नका.

२. दुसऱ्यांदा वर्गाचे दोन भाग करा. एका गटाने १, ५ आणि १३ व्या मात्रेला टाळी द्यायची, ९ व्याला ‘खाली’, म्हणजे टाळी नाही, हात नुसता हवेत. दुसऱ्या गटाने गायक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आला वाटलं की हात वर करायचा. इथे जाम हसाहशी होते, होऊ द्या, कारण चुकलेला हात लगेच दिसतो आणि मग पोरं खरंच कान देऊन ऐकायला लागतात.

३. तिसऱ्यांदा गट बदला.

यानंतर राग-बिग सांगा, आता ते स्वतःच विचारतात. डिसेंबरात इथल्या तानसेन समारोहाला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला पण घेऊन जा.

फक्त एक, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तबला फार बारीक ऐकू येतो, मोबाइलच्या स्पीकरवर तर ठेका (तबल्यावर वाजणारा ताल) गायबच, तेव्हा बरा स्पीकर न्या आणि आधी घरी ऐकून घ्या.