जुन्या वाड्यालगत कारखाना येत असेल तर हरकत कशी घ्यावी

गोव्यातल्या जुन्या वाड्यांवर, म्हणजे गावातल्या वस्त्यांवर, कारखान्याची पहिली चाहूल बहुतेकांना जेसीबीच्या आवाजानेच लागते, आणि तोपर्यंत जमिनीचा झोन (वापराचा ठरवलेला प्रकार) बदललेला असतो, सनद (जमिनीच्या वापरबदलाचा परवाना) निघालेली असते आणि पंचायतीचा परवानाही कोणाच्या तरी खिशात असतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर हरकत घेता येते. मात्र एका टप्प्याची मुदत टळली की पुढच्या टप्प्यावर तोच मुद्दा मांडणे दुप्पट अवघड होते. म्हणून संशय येताच मोर्चाआधी कागद हाती घ्यावा.

पहिला कागद म्हणजे त्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, त्यासोबत सर्व्हे प्लॅन. उताऱ्यावरून मालक कोण, कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) नोंदलेला आहे का, जमीन कोमुनिदादीची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) आहे का, हे कळते. कोमुनिदादीची असेल तर गावकरांना, म्हणजे तिच्या सभासदांना, स्वतःचा आवाज आहे आणि देवस्थानची असेल तर महाजनांना, म्हणजे देवस्थानच्या सभासदांना. या दोघांनाही पहिल्याच आठवड्यात विश्वासात घ्यावे, कारण त्यांनी नंतर ‘आम्हांला कोणी विचारले नाही’ म्हटले तर वाडा दुभंगतो. त्यानंतर नगर नियोजन खात्यातून ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ या गोव्याच्या जमीनवापराच्या सरकारी आराखड्यात त्या सर्व्हे क्रमांकाचा झोन कोणता आहे ते लेखी घ्यावे. ऑर्चर्ड (बागायती) किंवा नॅचरल कव्हरच्या (नैसर्गिक झाडोऱ्याच्या) जमिनीवर कारखान्याची चर्चा चालली असेल, तर झोनबदलाचा अर्ज कुठे तरी दाखल झाला आहे का, याचा शोध लगेच घ्यावा. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२४ साली घातलेल्या ३९-अ कलमाखाली असे बदल राजपत्रात प्रसिद्ध करून ३० दिवसांत हरकती मागवण्याची तरतूद आली. ते तीस दिवस दवंडी पिटून येत नाहीत. म्हणून वाड्यावरच्या एका तरी माणसाने राजपत्र नियमाने वाचण्याचे काम अंगावर घ्यावे.

आमच्या वाड्यावर आम्ही पहिली हरकत दिली तेव्हा तिच्यात पालखीची वाट होती, आजोबांच्या आठवणी होत्या, शंभरावर सह्या होत्या. फक्त सर्व्हे क्रमांक नव्हता. अधिकाऱ्याने ती चाळली आणि ‘ही नेमकी कुठली जमीन?’ असे विचारून बाजूला ठेवली. दुसऱ्या पत्रात आम्ही क्रमांक लिहिला, प्रस्तावित जागेपासून तळीचे आणि सार्वजनिक विहिरीचे अंतर मीटरमध्ये दिले, डोंगराचा उतार कोणत्या बाजूला आहे ते नकाशावर दाखवले, आणि तेच पत्र त्याच माणसाने शेवटपर्यंत वाचले. आपल्या भावना खऱ्या असतात, पण फाइलीत मोजमापच उभे राहते. पत्र मराठीत देण्यास संकोच करू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीलाही कामकाजात स्थान दिले आहे. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर उपयोगी पडावी म्हणून इंग्रजी प्रत मात्र जोडावी, आणि आवक शिक्क्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

वाडा जुना आहे हे सिद्ध करणे हे सगळ्यांत मोठे काम, आणि त्यात घाई करू नये. जुने गोवेची चर्चसंकुले १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. आपल्या बहुतेक वाड्यांना असे कवच नाही, त्यामुळे तिथले जुनेपण आपणच लिहून काढावे लागते. प्रत्येक घराची एक नोंदवही करावी: राजांगण (घरामधले चौकोनी अंगण) आहे का, भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) की मातीची, कौले कोणती, दारावर किंवा तुळशीवृंदावनावर साल कोरले आहे का. पणजीच्या पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज काळाची दप्तरे आहेत, त्यांत आपल्या देवळाचा किंवा गावकरीचा (जुन्या गावसंस्थेचा) उल्लेख मिळाला तर पोर्तुगीज जाणणाऱ्या माणसाकडून त्याचे भाषांतर करून घ्यावे.

भिंतींचे फोटो काढताना प्रत्येक भेगेशेजारी मोजपट्टी धरावी आणि तारीख लिहिलेला कागद चिकटवावा, कारण पुढे अवजड ट्रकांनी चिऱ्याच्या भिंतीला तडा गेला तर ‘तो आधीपासूनच होता’ हे उत्तर ठरलेले असते. विहिरीसाठी सुताची लांब दोरी घेऊन हातभर अंतरावर गाठी माराव्यात, टोकाला दगड बांधावा आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला पाणी कितव्या गाठीला लागते ते दोघांच्या सह्यांनी वहीत उतरवावे. मे महिन्याची नोंद कधीही चुकवू नये.

ग्रामसभेत ठराव घ्यावा, पण ठरावाने परवाना आपोआप रद्द होतो असे समजू नये. ठरावात सर्व्हे क्रमांक आणि कारणे यायला हवीत, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा ती तशीच उतरली आहेत ना, हे कान देऊन ऐकावे. दरम्यान पंचायत, नगर नियोजन खाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचे वेगवेगळे अर्ज टाकावेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मंडळाकडून १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू कायद्याखालच्या संमतीची प्रत मागावी, कारण किती सांडपाणी आणि कुठे सोडणार, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते.

प्रकल्प मोठा असून २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेखाली जनसुनावणी लागली, तर तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते आणि अहवालाचा मसुदा पंचायत किंवा पालिका तसेच जिल्हाधिकारी कार्यालयात वाचायला मिळतो. या सुनावणीवर बहिष्कार घालू नये, हे माझे ठाम मत आहे. तिला गणसंख्येची अट नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेली सुनावणीही कायद्याने पूर्ण होते आणि नोंदीत आपला विरोध कुठेच राहत नाही. मुद्दे वाटून घ्यावेत: एकाने पाणी, दुसऱ्याने वाहतूक, तिसऱ्याने देवळाचे आणि घरांचे जुनेपण. बोललेले सगळे लेखीही द्यावे, आणि शेवटी स्थानिक भाषेत इतिवृत्त वाचून दाखवतात तेव्हा उठून जाऊ नये. पर्यावरण मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करावे. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांची सवलत मिळू शकते, त्यापुढे दार बंद.

विरोध फुकट जातो, असे वाड्यावर कोणी म्हणाले तर त्याला केरीची आठवण द्यावी. फोंडा तालुक्यातल्या त्या पठारावरून नायलॉन ६,६ चा प्रकल्प १९९५ मध्ये लोकांनी परतवला, आणि ‘प्रादेशिक आराखडा २०११’ हाही लोकांच्या विरोधामुळे सरकारला जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. पण केरीच्या लढ्यात एका तरुणाचा जीव गेला, हेही सांगावे, म्हणजे रस्त्यावर उतरताना मुलांना पुढे करण्याचा मोह होणार नाही. वाड्यावरच्या ज्यांना कारखान्यात नोकरीची आशा आहे त्यांना फितूर ठरवू नये. त्यांच्या ओट्यावर बसून किती जागा, कोणत्या आणि किती पगाराच्या, हे कंपनीकडून त्यांच्याबरोबरच लेखी मागावे.

सगळ्या शिक्क्याच्या प्रतींची एक फाइल देवळाच्या कपाटात आणि दुसरी वाड्याबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी, आणि तिच्यावर पुढची मुदत कोणत्या तारखेला संपते ते ठळक अक्षरांत लिहावे.