मागचा वायपर बंद पडला? मोटर मागवण्याआधी या चुका टाळा

मागचा वायपर फिरेनासा झाला की लोक सरळ मोटर मागवतात. जुनी काढली, नवी बसवली, आठ दिवस चालली, पुन्हा ठप्प. मग दोष नव्या मोटरीच्या माथी. खरं तर मोटर हा या यंत्रणेतला चांगला दणकट भाग आहे. तिच्या नावावर खपणारे बरेच दोष दोन जागी दडलेले असतात: डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी बुटातल्या (वायरींवरच्या लवचीक रबरी नळीतल्या) वायरी आणि काचेतून किंवा पत्र्यातून बाहेर येणारा स्पिंडल, म्हणजे वायपरचा आर्म फिरवणारा दांडा. या दोन जागा पाहिल्याशिवाय मोटरीचे बोल्ट सैल करू नका.

त्याआधी एक साधी गोष्ट. बऱ्याच गाड्यांत डिकी उघडी असली की मागच्या वायपरचा पुरवठा आपोआप तुटतो. लॉकमधला छोटा स्विच ते काम करतो. डिकी उघडी ठेवून बटण दाबायचं आणि ‘मोटर गेली’ म्हणायचं, हा प्रकार थांबायला हवा. उघड्या डिकीतच तपासणी करायची असेल तर पेचकसाने लॉकची जीभ बंद स्थितीत ढकला, मग बटण दाबा. काम संपल्यावर डिकीचं हँडल ओढून जीभ परत मोकळी करा, नाहीतर डिकी आपटताना लॉक वाकेल.

मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर शाबूत, हा समज

सगळ्यात जास्त पैसे या चुकीपायी वाया जातात. डिकी उघडताना-मिटताना बुटातल्या वायरी प्रत्येक वेळी त्याच जागी वाकतात. काही वर्षांत आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. वरचं आवरण मात्र अखंड दिसतं.

एका हॅचबॅकचा प्रवास असा झाला: वायपर मनाला येईल तेव्हा चाले. प्लगवर मीटर लावला, १२ व्होल्ट मिळाले, म्हणून मोटर बदलली. नवी बसवताना वायरी हलल्या, तुटलेली टोकं एकमेकांना टेकली आणि वायपर दहा दिवस नीट फिरला. मग बंद. दुसरी मोटर आली, त्यानंतर स्टिअरिंगजवळचा स्विचही बदलून झाला. शेवटी बूट सरकवून पाहिलं तर अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) वायरीत जेमतेम दोन तारा शिल्लक होत्या. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे दोन तारांवरही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. मोटर काही अँपिअर मागते, आणि ते त्या दोन तारांतून जाऊ शकत नाहीत. या गाडीने पहिल्या दिवसापासून खूणही दिली होती: वायपरचं बटण दाबलं की नंबर प्लेटचा दिवा मिणमिणत असे. अर्थ तुटला की करंट दुसऱ्या दिव्यांमधून वाट शोधतो. हे दिसलं की मोटरीचा विचार बाजूला ठेवा.

म्हणून तपासणी भार देऊनच करा. मोटरीचा प्लग काढून त्याच्या लाइव्ह (पुरवठ्याच्या) आणि अर्थ पिनांवर १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडा. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब पेटलेला असताना डिकी सावकाश वर-खाली करा. प्रकाश लवलवला तर दोष बुटात आहे. मग मीटरचं एक टोक प्लगच्या अर्थ पिनवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ खराब.

तुटलेली वायर ओळखायला बूट सरकवून प्रत्येक वायर दोन बोटांनी हलकेच ओढा. आतलं तांबं तुटलं असेल तर आवरण रबरासारखं लांबतं.

दुरुस्ती करताना तुटल्या जागीच पीळ मारून टेप गुंडाळणं हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. तिथे सोल्डर करणंही तितकंच वाईट: कथील तारांमध्ये आत चढतं, वायर ताठ होते आणि सोल्डर संपतो त्या कडेला पुन्हा तुटते. वाकणारा सगळा तुकडा काढून टाका. तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घाला. एक जोड गाडीच्या अंगात, दुसरा डिकीच्या आत, दोन्ही बुटापासून लांब. शेजारच्या वायरींचे जोड तीन-चार सेंटीमीटर मागेपुढे ठेवा, म्हणजे गाठोडं होत नाही. एक वायर तुटली असेल तर बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. बूट उघडलाच आहे तर आवरणाला चीर गेलेल्या सगळ्या बदला. बुटाची दोन्ही टोकं खाचेत नीट बसली पाहिजेत, नाहीतर पाणी वायरींवरून डिकीत उतरतं.

आर्म पेचकसाने उचकटणं

मागची काच बहुतेक टफन्ड असते. कडेला किंवा स्पिंडलच्या भोकाशी पेचकसाचा दाब पडला की तिचा क्षणात चुरा होतो. घाई करणारे नवशिके नेमकं हेच करतात.

आर्मवरची टोपी उचला, नट चार-पाच आटे सैल करा, पण काढू नका. स्पिंडलच्या दात्यांवर गंज सोडवणारं तेल टाका आणि निदान अर्धा तास थांबा. मग आर्म बिजागरीतून उभा करून बुडाशी धरा आणि आळीपाळीने हलवा. सुटला नाही तर छोटा दोन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) लावा. बॅटरीच्या टर्मिनलसाठी मिळतो तोही चालतो. स्पिंडलवर हातोडी नको, कारण आटे चेपतात आणि आतलं दातेरी चाक बहुधा प्लास्टिकचं असतं. ज्योतीने तापवणं तर काचेजवळ अजिबात नको.

मोटर गुणगुणते किंवा फ्यूज उडतो, पण आर्म हलत नाही, तर बहुधा स्पिंडल जाम आहे. ॲल्युमिनियमच्या नळीत पोलादी दांडा. बाहेरची रबरी सील फाटली की पाणी आत जातं आणि गंज दांड्याला आवळतो. वरून तेल फवारलं की महिनाभर फिरतो, मग पुन्हा जाम, कारण तेल गंज काढत नाही. मोटर बाहेर काढा, झाकण उघडा, चाकांची जागा मार्करने खुणा करून ठेवा, सर्क्लिप (दांड्याच्या खाचेतली गोल क्लिप) आणि वॉशर काढून दांडा मागे सरकवा. ६०० नंबरच्या आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नळीही आतून साफ करा. ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) नवी घाला, पाण्याला दाद न देणारं ग्रीस लावा. दांडा बोटांनी सहज फिरेपर्यंत चाकं जोडू नका.

परत बसवताना आर्म अंदाजाने लावू नका. आधी नुसती मोटर चालू करून बंद करा, ती आपल्या ठरलेल्या जागी थांबेल. मगच आर्म दात्यांवर ठेवा. नट बेताने आवळा. जोर केला तर आर्मच्या आतले मऊ दाते घासले जातात आणि आर्म स्पिंडलवर घसरू लागतो.

बाकीच्या चुका

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नका. मग जळते ती वायर.

मागच्या काचेवर पाणी येत नाही म्हणून बटण दाबून धरू नका. नोझल तुंबलं असेल तर दाबाने नळी जोडातून सुटते आणि पाणी छताच्या अस्तरात जातं. ज्या गाड्यांत स्पिंडल पोकळ असून पाणी त्यातूनच येतं, तिथे ते थेट मोटरीत शिरतं. आधी नोझल बारीक तारेने मोकळं करा.

डिफॉगरची, म्हणजे मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तापत्या रेघांपैकी, एखादी रेघ बंद असेल तर डिफॉगर चालू ठेवून मीटर रेघेवर सरकवा. टोकाला थोडा ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा म्हणजे ओरखडा पडत नाही. चांगल्या रेघेवर व्होल्टेज हळूहळू उतरतं, मध्यावर साधारण सहा येतं. एकदम उडी दिसली ती तुटलेली जागा. तिथे अल्कोहोलने पुसून, रेघेच्या दोन्ही बाजूंना टेप लावून, विद्युतवाहक रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. एक दिवस पूर्ण वाळू द्या, तोवर बटण दाबू नका. रेघेच्या टोकाची पट्टी सुटली असेल तर साधा इन्स्टंट गोंद चालत नाही; त्यातून करंट जात नाही.

आणि या रेघा मुळात तुटतात त्या बहुतेक वेळा जुनी फिल्म किंवा स्टिकर ब्लेडने खरवडताना. फिल्म वाफेने मऊ करून हळूहळू सोला. उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून मऊ कपड्याने रेघांच्याच दिशेने, आडवा पुसा.